पंख्याशिवायचा आकडा

सुनेला सगळं येतं, फक्त गप्प बसता येत नाही, हे सासूबाईंचं जुनं गाऱ्हाणं. नवरा गिऱ्हाइकाशी बोलत असला की हिने मध्ये तोंड घातलंच पाहिजे. घरात एक वेळ चालेल. गॅरेजमध्ये, परक्या माणसासमोर, कसं चालेल?

आत्ताही तेच झालं.

लाल गाडी डायनोवर चढवलेली होती. मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर, आणि गाडी उसळून बाहेर पडू नये म्हणून पुढून-मागून पट्टे आवळलेले. गाडी जागच्या जागी पळणार, रोलर फिरणार आणि चाकांत किती हॉर्सपॉवर उतरते ते पडद्यावर दिसणार. आज आधीचा आकडा घ्यायचा होता. मग इंजिनात जास्त हवा कोंबणारा नवा, मोठा टर्बो बसवायचा, पुन्हा मोजायचं आणि जोर किती वाढला ते गाडीवाल्याला दाखवायचं. जुना टर्बो पार संपलाय, असं सासूबाईंच्या मुलाने त्याला सांगूनच ठेवलं होतं.

मुलगा स्टिअरिंगवर बसला. काचेतून म्हणाला, "चल, घे."

पडद्यापाशी उभी असलेली सून हलली नाही. "पंखा?"

"आत्ता नको."

"पंख्याशिवाय मी आकडा देणार नाही."

गाडीच्या तोंडासमोर माणसाएवढा पंखा उभा होता. रस्त्यावर गाडीला जो वारा लागतो, तो इथे त्याने द्यायचा. गाडीवाल्याने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मुलगा खाली उतरला. चेहरा हसरा, कान लाल.

"आवाज फार करतो हो तो, साहेब," तो गाडीवाल्याला म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, आता तूच काय ते सांग. मशीनवर एक तर ही राहील, नाहीतर मी. रोजची कटकट नको मला."

गॅरेज सासूबाईंचं. किल्ल्या त्यांच्याकडे आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. पडद्यावरची ती वाकडी रेघ त्यांना आजवर कळली नव्हती, आणि कळत नाही हे त्यांनी कुणाला कळूही दिलं नव्हतं. सुनेला तिथून उठवायचं तर याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. सुनेलाही ते ठाऊक होतं. मशीन गेलं की तिला घरचा ओटाच. तिने दोन्ही हात टेबलावर घट्ट दाबून धरले. पण शब्द काही मागे घेतला नाही.

सासूबाई उठल्या आणि पंख्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हा कशाला असतो रे?"

"गाडी तापू नये म्हणून."

"तापली तर काय होतं?"

"काही नाही गं. जोर जरासा कमी दाखवते."

"आणि नवा टर्बो बसवून मोजशील, तेव्हा लावणार हा?"

मुलगा फडक्याने हात पुसू लागला.

"तुला विचारतेय. जीभ गाडीत राहिली का?"

"तेव्हा लावावाच लागतो, आई. त्यात बरंच..."

"असं होय!" सासूबाई गाडीवाल्याकडे वळल्या. "ऐकलंत? आधी पोराला उपाशी ठेवून तोलायचं, मग पोटभर जेवू घालून तोलायचं, आणि म्हणायचं, बघा, आमचं औषध कसं लागू पडलं!"

गाडीवाल्याला हसू फुटलं. मुलाला नाही.

"दोन्ही मोजा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

मुलगा मुकाट्याने आत बसला. गाडी ओरडली तशी वरचे पत्रे थरथरले, फळीवरचे पाने एकमेकांवर वाजले. पंख्याशिवाय आकडा आला एकशे अठ्ठ्याऐंशी. मग पंखा लावून गाडी निवू दिली. सासूबाईंचे केस चारी दिशांना उडाले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. गाडी पुन्हा ओरडली. दोनशे सोळा.

सुनेने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि पुढे एक अक्षर बोलली नाही.

गाडीवाला पडद्याजवळ आला. "मग जुना टर्बो संपलाय म्हणत होतात, ते?"

मुलगा पट्टे सोडायला वाकला तो वाकूनच राहिला. गाडीवाल्याने सुनेकडे पाहिलं.

"ठणठणीत आहे," ती म्हणाली. "नव्या गाडीलाही एवढाच आकडा येतो."

"मग असू दे तोच. विचार करून येतो मी."

विचार करून येतो म्हणणारं गिऱ्हाईक किती वेळा परत येतं, ते सासूबाईंना कुणी सांगायला नको होतं. लाल गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, आणि बऱ्याच लांबून तिचा आवाज येत राहिला. चांगला भरलेला, निरोगी आवाज.

"गेला," मुलगा म्हणाला. "किती दिवस मागे लागून आणला होता! झालं समाधान दोघींचं?" हातातला पट्टा त्याने कोपऱ्यात भिरकावला आणि तो बाहेर निघून गेला.

सून पंखा बंद करायला गेली. पाती हळूहळू थांबली, तशी गॅरेजमध्ये एकदम शांतता झाली.

"आई, मला तसं चारचौघांत..."

"थांब. तुझं बोलून झालंय." सासूबाईंनी दोन्ही हातांनी केस मागे घेतले, अंबाडा पुन्हा घट्ट बांधला. "मशीन तुझंच राहील. पण एक नीट ऐकून ठेव. माझ्या पोराची लोकांसमोर लाज काढायची असेल, तर ती मी काढीन. अजून जिवंत आहे मी."