लेकीचा छज्जा

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षापर्यंत तिने एक वाचनालय, एक इस्पितळ आणि एक अख्खं बसस्थानक कागदावर उभं केलं होतं. प्रत्यक्षात बांधलं गेलं ते एकच काम: उमेदवारी करताना, एका लहानशा घराच्या दारावर तिने काढलेला छज्जा. तिचे बाबा गवंडी. ते काम त्यांनी हट्टाने स्वतःकडे मागून घेतलं. "लेकीचं पहिलं बांधकाम दुसऱ्या कुणाच्या थापीने होणार नाही," म्हणाले.

टेकू काढले आणि छज्जा खाली आला. बाबा त्याच्याखालीच उभे होते.

बाबा गेल्याच्या चौथ्या दिवशी तिने आपला नकाशा उघडला. भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्यात सळ्या वरच्या अंगाला लागतात. तिने त्या खालच्या अंगाला दाखवल्या होत्या.

ती तडक बाबांच्या कामावरच्या जोडीदाराकडे गेली.

"काका, तीस वर्षं छज्जे बांधले बाबांनी. त्यांच्या लक्षात नाही आलं?"

"न यायला काय झालं, पोरी? नकाशा बघताक्षणी थबकला तो. मी तर सळ्या उचलून वर बांधायलाही घेतल्या होत्या."

"मग?"

काका बोटांवरचं वाळलेलं सिमेंट खरवडत राहिले.



"म्हणाला, 'खबरदार सळीला हात लावशील तर! आपण जन्मभर अंदाजाने बांधत आलो. माझी लेक पाच वर्षं शिकून नकाशा काढतेय.'"