पंचवीस अधिक एक

"सव्वीस? मॅडम, पंचवीस न्या नायतर सत्तावीस न्या. सव्वीस म्हंजे डोक्याला ताप," हैबतराव म्हणाले.

पेणच्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात वीतभर उंचीच्या मूर्ती फळीवर सुकायच्या. पाच रांगा, रांगेत पाच. पंचविसांत फळी भरायची. खोक्यात तीन थर, थरात तीन रांगा, रांगेत तीन. सत्ताविसांत खोकं भरायचं. सव्वीस झाल्या की फळीवर एक मावायची नाही आणि खोक्यात एक जागा मोकळी राहायची.

"आमच्या वरसे गावातल्या सोसायटीत घरं सव्वीस आहेत," मृणाली म्हणाली. ती रोह्याच्या कॉलेजात गणित शिकवायची. "सत्ताविसावा बाप्पा कुणाकडे बसवू?"

हैबतरावांनी निळा खडू काढला, खोक्याच्या झाकणावर '२५ + १' लिहिलं आणि खोकं हौसाकडे सरकवलं. मूर्ती खोक्यात भरायचं काम अठरा वर्षं तिचं. झाकणावर आकडा घालायचं काम मालकाचं. आणि सव्वीसची ऑर्डर आली की हौसाला चिडवायला ते मुद्दाम असाच लिहायचे.

"ही आमची हौसा. हिचं म्हणणं, सव्वीससारखा आकडा जगात दुसरा नाय. विचारा तुमच्या गणिताला!"

रंगवणाऱ्या बायाही हसल्या. ही थट्टा हौसाच्या अंगवळणी पडली होती, पण आज समोर खरं उत्तर देणारी बाई उभी होती. खोटं ठरलं, तर पुन्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

"सांगा की हौसाताई," मृणाली म्हणाली.

"फळी ल्हान घ्या, मोठी घ्या, पण जितक्या रांगा तितक्याच रांगेत मूर्ती. खोकं बी तसंच, तिन्ही बाजूंनी सारखं. भरल्या फळीपेक्षा एक जास्ती नि भरल्या खोक्यापेक्षा एक कमी, असा सव्वीस एकलाच. शाडूच्या गोळ्या लावून बघितलं मी. चौसष्टनं खोकं भरतं, पण फळी बी चौसष्टनंच भरते. एकशे पंचवीसचं खोकं घ्यावं, तर फळी भरायला हवी एकशे तेवीसला, ती एकशे एकवीसलाच भरून बसते. हजारापत्तोर गेले. फुडचं मला ठावं नाय."

"हजार? कधी गो?" हैबतरावांनी डोळे मोठे केले.

"तुम्ही जेवून घोरता तवा."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो मालकावर होता. मृणाली मात्र हसली नाही. ती फळीपाशी खाली बसली होती.

"पुढंही नाही, हौसाताई. लाखात नाही, कोटीत नाही. सव्वीस एकटाच. हे फार पूर्वीच सिद्ध झालंय. मी एम.एस्सी.च्या पोरांना शिकवते, आणि त्यांनाही लवकर पटत नाही."

हौसानं विचारलं, "ज्यानं केलं, त्याला किती गोळ्या लागल्या?"

"एकही नाही. सगळं कागदावर."

आता कारखान्यात कुणी हसत नव्हतं. हौसानं सव्वीस मूर्ती पेंढ्यात नीट बसवल्या आणि उरलेल्या जागेत, शेजारच्या मूर्ती हलू नयेत म्हणून, नेहमीसारखा एक सोललेला नारळ ठेवला.

"त्या कागदवाल्याला नारळाचं काय सुचलं नसंल," ती म्हणाली.

मग तिनं झाकण लावलं. पदराच्या टोकानं '२५ + १' पुसून काढलं आणि हात पुढे केला.

"खडू द्या, शेट."

हैबतरावांनी खडू दिला. हौसानं झाकणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, जराही जागा न सोडता, सव्वीस लिहिलं.