दुर्बीणबाईंची सही

कारखान्याच्या मीटिंगमध्ये तक्रारीचं पत्र वाचून संपलं. मॅनेजरसाहेबांनी कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. दुर्बीणबाई मांडीवरचा रुमाल नुसता पिळत राहिल्या.

पत्र एका सुनेचं होतं. सासऱ्यांना घरीच श्वासाचं यंत्र लावलेलं. आजारी माणसाची खोली, म्हणून ती रोज सगळं स्पिरिटने पुसून काढायची. यंत्र, वायर, अडॅप्टर, काही सोडायची नाही. घरात तस्साच दिसणारा आणखी एक अडॅप्टर होता, दुप्पट व्होल्टचा. दोन्ही याच कारखान्याचे. पुसून पुसून दोन्हींवरचे आकडे उडाले होते. एका दुपारी तिने भलताच लावला. यंत्र जळलं. अँब्युलन्स दारात येईपर्यंत सासरे गेले होते. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘माझ्याच हातून झालं. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. पण त्याच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं हो.’

“वापरणाऱ्याची चूक आहे. तसं उत्तर देऊ,” साहेब म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्या.

त्या अडॅप्टरांच्या लॉटच्या लेबल-तपासणीवर सही दुर्बीणबाईंची होती.

एकवीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. प्रत्येक लॉटमधले काही नग घ्यायचे. लेबल पंधरा सेकंद ओल्या फडक्याने घासायचं, पंधरा सेकंद स्पिरिटच्या. त्यानंतरही व्होल्ट, खुणा, सूचना, सगळं स्वच्छ वाचता आलं पाहिजे, असा नियम. आलं तर पास, नाही तर अख्खा लॉट परत. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं त्या हात लांब करूनही वाचायच्या. एकदा तर लेबल बनवणाऱ्यानेच कबूल केलं होतं, की स्वल्पविराम पुसट आलाय हे त्याला भिंगातून दिसलं आणि बाईंना नुसत्या डोळ्यांनी. दुर्बीणबाई हे नाव तेव्हापासून पडलं.

दोन वर्षांपूर्वी नजरेच्या मधोमध कुणी अंगठा दाबून ठेवावा तसं झालं. कडेचं दिसायचं. रस्ता दिसायचा, चुलीवरचं दूध उतू चाललेलं दिसायचं. पण जे अक्षर बघायला जावं तेच नाहीसं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते फक्त नवऱ्याला सांगितलं.

“कुणाजवळ बोलू नकोस,” तो म्हणाला. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. हात थरथरायला लागले तेव्हा त्याने मशीन झाकून ठेवलं होतं. “घरी बसणं काय असतं, ते मला विचार.”

मग त्या बोलल्या नाहीत. रंग सुटला की फडकं काळं पडतं, तेवढं त्यांना सुरुवातीला कडेच्या नजरेने कळायचं. पुढे तेही कळेना. मग त्या लेबलाची कड बोटाने चाचपायच्या, उचकटली नाही ना एवढं बघायच्या आणि सही करायच्या. नशीबही साथ देत होतं. कामगारांच्या वार्षिक डोळे-तपासणीच्या यादीत दोन्ही वर्षं त्यांचं नाव आलं नाही. “तुम्हाला निवांत काम करता येईल,” म्हणून साहेबांनी त्यांचं टेबल टोकाच्या खोलीत हलवलं. शेजारी बसणारी एक मुलगी एकदा म्हणाली होती, “बाई, हे तर साफ पुसलं गेलंय!” बाईंनी तो नग झटकन बाजूला सारला होता. पण आठवड्याभरात त्या मुलीची पॅकिंगला बदली झाली. देव पाठीशी आहे, असं बाईंना वाटलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला पत्राबद्दल सांगितलं. “मी उद्या साहेबांना सगळं सांगणार आहे.”

“आणि मग?”

“मग काय होईल ते होईल. पण ती बाई जन्मभर स्वतःला खात बसेल हो. तिची चूक नव्हती, हे कुणीतरी तिला सांगायला नको?”

सकाळी तो त्यांच्याआधी चपला घालून दारात उभा होता. कारखान्याच्या फाटकापर्यंत सोबत आला.

साहेब एकटेच होते. “या बाई. बसा.”

“उभीच बरी आहे,” बाई म्हणाल्या. वाटेत दहा वेळा जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “साहेब, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. तो लॉट मी न वाचता पास केला. त्याच्या आधीचे, नंतरचेही तसेच. मला काढून टाका, पोलिसात द्या, काहीही करा. पण त्या सुनेला कळवा. तिची चूक नव्हती, माझी होती.”

बोलून झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना छातीभर श्वास घेता आला. आता साहेब ओरडतील, फोन उचलतील, म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं, अगदी हलक्या हाताने. मग टेबलावरून एक कागद सरकल्याचा आवाज आला. साहेबांनी बाईंचा हात धरला, बोटांत पेन दिलं आणि टोक नेमक्या जागी नेऊन टेकवलं.

“आजचा लॉट आहे. इथे करा.”

“साहेब, मी काय सांगतेय ते कळतंय का तुम्हाला? मला दिसत नाही!”

“हळू बोला,” घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची समजूत घालावी तसे साहेब म्हणाले. “आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, बाई. पण तुमच्या जागी दुसरं कुणी बसवलं, तर त्याला दिसेल ना.”