एक ऊन कमी

मंगळूने गुणाबाईच्या गोणीतला भाताचा दाणा दाताखाली धरला आणि चावला. कट्ट आवाज झाला. पण नुसता आवाजच झाला, कळलं काहीच नाही.

त्याने दुसरा दाणा घेतला. मग तिसरा. धसईतल्या त्याच्या गिरणीपुढे सकाळपासून रांग लागली होती. दिवाळी सरली, झोडणी आटपली, आणि यंदाचं भात भरडायला आजच सुरुवात होत होती. गुणाबाईचा नंबर पहिला. रविवारी तिच्या लेकीचा, अनिताचा, साखरपुडा होता.

"काका, बेतानं चावा," मागून रांगेतला नवशा ओरडला. "नवे दात हायेत, झिजतील!"

रांग हसली. मंगळूही हसला, न हसून करतो काय? दात होते खरेच देखणे. वैशाखात शेखरने, त्याच्या मुलाने, त्याला शहापूरला नेऊन कवळी बसवून आणली होती. जुन्या दातांतले हलत होते तीनच, बाकीचे दणकट होते. पण डॉक्टर म्हणाला, सगळेच काढू, म्हणजे कवळी एकसारखी बसेल. शेखरने मायेनेच केलं. म्हसा गावच्या जत्रेत बाप मटण नुसतं चोखून टाकतो, हे त्याला बघवलं नव्हतं. तेव्हा गिरणी बंद होती, शेतं मोकळी पडली होती. दाण्याची आठवण बापालाच झाली नाही, तर लेकाला कुठून व्हावी?

ही रांग लागायची ती मंगळूच्या दातांसाठी. दोन वर्षांपूर्वी फाट्यावर नवी गिरणी आली होती. तिथे ओलावा मोजायचं यंत्र होतं, मूठभर भात टाकलं की आकडा दाखवायचं. तरी पार वैशाखरे गावापासूनची माणसं ती गिरणी ओलांडून मंगळूकडे यायची. मंगळू दाणा चावायचा आणि म्हणायचा, "ओत." नाहीतर म्हणायचा, "एक ऊन कमी हाय, उद्या आण." दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा गिरणीवाला सगळ्या तालुक्यात दुसरा नव्हता. ओलं भात भरडलं की तांदूळ तुटतो, नुसती कणी होते. मंगळूच्या गिरणीत कणी झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

दाणा तुटताना पूर्वी हिरडीतून काहीतरी निघायचं आणि थेट कानापर्यंत जायचं. काय जायचं ते त्याला कधी कोणाला सांगता आलं नव्हतं, सांगायची वेळही आली नव्हती. आज त्याच्या तोंडात कोणी परकाच माणूस दाणा चावत होता. मंगळू घाबरला.

"काय म्हणता, भाऊ?" गुणाबाईने विचारलं. "लांबून आणलंय. जीपवाला गेला पन."

हसणं थांबलं होतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"ओत," तो म्हणाला.

पट्टा फिरू लागला. मंगळूने तांदळाच्या धारेखाली तळहात धरला. कणी. पहिली मूठ अशीच येते, असं त्याने स्वतःला समजावलं आणि पुन्हा हात धरला. पुन्हा कणी. अख्खा दाणा शोधावा लागत होता. त्याने खटका ओढून गिरणी बंद केली, तोवर अर्धी गोणी गेली होती.

गुणाबाईने टोपलीत हात घातला. बोटांमधून कणी गळू दिली. पाहुण्यांच्या पानात वाढायचा भात होता तो.

"काय झालं गो, आत्या?" नवशाने मान उंच केली.

गुणाबाईने एकदा मंगळूकडे बघितलं. तो आपली जीभ नव्या दातांवरून फिरवत होता.

"माजंच चुकलं," ती रांगेकडे वळून म्हणाली. "रातीला भात दहिवरात ऱ्हायलं. भाऊंना बोलले नाय मी."

ती खोटं बोलत होती. गुणाबाई भाताला रात्रीचं दंव लागू देणारी बाई नव्हती. साखरपुड्याच्या घाईत एखादं ऊन कमी पडलं असेल. पण ते ओळखून सांगायचं काम मंगळूचं होतं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"माज्या घरचा तांदूल ने रविवारला," तो हळूच म्हणाला.

"नेईन." तिने कणीच्या गोणीचं तोंड बांधलं, आणि बांधता बांधता त्यालाच ऐकू जाईल इतकं म्हणाली, "शेखरला सांगू नका, भाऊ. हौसेनं केलंय पोरानं."

मंगळूचे डोळे भरले. चाळीस वर्षांत गिरणीत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते फक्त कोंड्यामुळे. बघणाऱ्यांना आजही तसंच वाटलं असेल.

नवशाने आपली गोणी पुढे ओढली, आणि तळहातावर दाणे धरून उभा राहिला. "आमचं बघा, काका. तीन उन्हं दिलीत, चांगली."

मंगळूने एक दाणा उचलला. ओठांपर्यंत नेला. एक ऊन कमी हाय, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. नवशाला म्हटलं असतं, त्याच्या मागच्याला म्हटलं असतं, सगळ्यांनाच म्हटलं असतं. कोणाची कणी झाली नसती आणि कोणाला काही कळलंही नसतं. उद्या ते पुन्हा आले असते, आणि उद्या पुन्हा दाणा चावायचा होता.

त्याने दाणा परत नवशाच्या हातावर ठेवला.

"तूच चाव," तो म्हणाला. "काय कळतं ते मला सांग. मला आता कळत नाय."

काका थट्टा करतायत असं वाटून नवशा हसला. हसत त्याने मागे बघितलं. कोणीच हसत नव्हतं. गुणाबाई खाली बघत होती. नवशाने दाणा तोंडात टाकला, दाताखाली सरकवला आणि तसाच थांबला.

सगळी रांग आता त्याच्या तोंडाकडे बघत होती. मंगळूसुद्धा.