वरच्या मजल्यावरचे

गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी इमारतीतल्या आपल्या दीड खोलीत काकू दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या असायच्या, आणि बाह्यांचं माप घेता घेता येईल त्या बाईला तेच ऐकवायच्या. "वरच्या मजल्यावरच्यांचा मुलगा चांगला कमवायला लागलाय, तरी घर काही सोडवत नाही त्यांना! आम्ही इथे मर मर मरतोय, नि हे सरकारच्या जिवावर लोळतायत. घरातलं एक जण जरी नोकरीला लागलं, तरी सरकारने घर काढून घ्यावं."

बायका मान डोलवायच्या. अशा माना सगळीकडेच डोलत असाव्यात, कारण शेवटी सरकारने अगदी तसाच नियम केला. वरच्यांचं कपाट जिन्यातून खाली गेलं, तेव्हा काकूंनी मशीन थांबवलं नाही. फक्त दाराकडे बघायचं टाळलं.

पुढच्याच महिन्यात त्यांची लेक जिन्यातूनच ओरडत वर आली. "आई, लागली गं नोकरी! लागली एकदाची!"

कंबर धरून काकू उठल्या, तिला आत ओढलं आणि आधी दार लावून घेतलं.



"हळू बोल गं. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल."