डावीकडचा दिवा

"शशिकला, नारल तुज्याच हातानं फोडायचा," धर्मराज शेठ म्हणाला. "तुज्यामुलं हा दिवस आलाय."

खरंच तिच्यामुळे आला होता. पनवेलच्या मैदानात मांडव पडला होता आणि छोट्या जपानी गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बंदर बांधायला आलेल्या परदेशी कंपनीनं त्या आणल्या आणि जाताना इथंच टाकल्या. ज्याच्या हाती लागली त्यानं ती गोदामात दडवली. कागदच नाहीत, तर उजळ माथ्यानं रस्त्यावर काढणार कशी? आज आरटीओचे साहेब त्यांना नंबर देणार होते. करंजाच्या या मासळीवालीनं त्यासाठी पाच वर्षं उंबरे झिजवले. अर्ज केले, मोर्चे काढले, साहेबांच्या दारात ठाण मांडून बसली. तोंडात एकच धोशा. "मोठा टेंपो आमच्या गल्लीत शिरत नाय. ही गाडी दारापत्तर येते. नंबर द्या तिला. रस्त्यावर येनाऱ्या गाडीला नंबर पायजेच!"

तिची नणंद मालू मांडवाच्या कडेला उभी होती. ती पचकन थुंकली.

"लाज नाय वाटत वयनी? ह्याच गाडीनं माज्या भावाला चिरडला. आनि तू तिची पूजा करतेस?"

मालू खोटं बोलत नव्हती. एकोणनव्वद साली मिठागराच्या रस्त्यावर छोट्या निळ्या गाडीनं शशिकलेच्या नवऱ्याला सायकलसकट उडवलं होतं. गाडी थांबलीसुद्धा नाही. ती द्रोणागिरीला शेठच्या गोदामात आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेठनं कानावर हात ठेवले. म्हणाला, "माजी नाय. कंपनीची आसंल. कंपनी गेली जपानला." हवालदारानं नंबर विचारला. नंबर असता तर रडायचं कशाला? त्यानं 'अज्ञात वाहन' लिहिलं आणि मयताचं नाव विचारलं. ते मालूनंच सांगितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर शशिकलेनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्यात बायका ते घेत नाहीत.

 शशिकला पूजेचं ताट पदराखाली धरून शेठच्या त्या निळ्या गाडीजवळ गेली. गाडीचा डावीकडचा दिवा फुटलेला होता. त्यावर लाल कागद चिकटवला होता.

शेठ भलताच खुशीत होता. महिन्यापूर्वी शशिकला आपल्या पायांनी त्याच्या दारात आली होती. "शेठ, तुमच्या पन गाड्या आना. एक मला भाड्यानं द्या, मासली नेईन." मेल्याला वाटलं, बाई सगळं विसरली. पोटापुढं कुणाचं काय चालतं!

"नियम माहीत आहे ना?" साहेबांनी विचारलं. "कंपनी गाड्या टाकून गेली तेव्हापासून गाडी एकाच माणसाच्या ताब्यात पाहिजे. तरच नंबर."

ही अट शशिकलेनंच मागून घेतली होती. नाहीतर दलाल घुसतील, म्हणाली होती. साहेबांना ती फार पटली.

"अठ्ठ्याऐंशी सालापासून माज्याकडंच हाय साहेब!" शेठनं छाती पुढं काढली. बंदोबस्ताला आलेला तोच हवालदार तंबाखू चघळत ऐकत होता. अख्खं गाव ऐकत होतं. "ही बगा चावी, कायम कमरंला. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला नाय कदी. मीच चालवतो."

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले. शेठनं झोकात सही ठोकली.

मग साहेबांनी दिव्यावरचा कागद सोलून काढला. आत अर्धीच काच होती. "हे चालणार नाही. आधी दिवा नीट करा."

"काय करू साहेब? ही काच हिकडं मिलतच नाय. जपानवरनं मागवायला लागंल."

"मिलते," शशिकला म्हणाली.

तिनं ताटातली झेंडूची फुलं बाजूला सारली. खाली जाड काचेचा एक तुकडा होता, त्यावर परदेशी अक्षरं. अपघाताच्या दिवशी हवालदारानं या तुकड्याकडं वळूनही पाहिलं नव्हतं. तिनं तो दिव्याच्या फुटक्या कडेला लावला. तो चपखल बसला.

शेठचा हात कमरेच्या चावीवर गेला. हवालदाराचं चघळणं थांबलं. मालू गर्दीतून वाट काढत पुढं आली आणि वहिनीच्या शेजारी उभी राहिली.

"बाई, हा तुकडा कुठं मिळाला तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

शशिकलेनं पदर खोचला. पार शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"भगवान हिरू घरतच्या छातीत."