तीन रेघा

“तीनच रेघा तर चढलंय,” निकेत साहेब म्हणाले. “तीन रेघांनी कोणी मरतं का?”

शाळेच्या भिंतीवर ताणलेल्या चादरीवर आलेख पडला होता. खाडीच्या पाण्यातलं सल्फाइड, चार सालांचं. निळी रेष कशी सावकाश वर गेलेली, म्हातारीने काठी न टेकता चढाव्यात अशा तीन पायऱ्या. साहेब सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून कंपनीच्या गाडीने आले होते. खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या कंपनीच्या दुसऱ्या पाइपाला गावाची संमती घ्यायची आणि संध्याकाळची बोट गाठायची. कागद टेबलावर तयार, शेजारी शाईचा पॅड. घाई ती केवढी!

पुढच्या बाकावर बुधाजी बसला होता, हातात खुणेची काठी घेऊन. खारं पाणी अडवणाऱ्या बांधाचा तो राखणदार. बांधातल्या लाकडी दाराला गावात उघाडी म्हणतात. ती ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची, आणि पाणी किती चढलं ते काठीवरच्या खाचा मोजून सांगायचं, हे त्याचं काम. एक खाच म्हणजे चार बोटं. त्याच्या आज्याच्या वेळेपासून चारच बोटं. गेल्या श्रावणात त्याचा पोरगा दिपेश गाळात अडकलेली उघाडी मोकळी करायला खाली उतरला, आणि वर काढला तेव्हा निळा पडला होता. पाण्यातल्या सल्फाइडच्या वायूने गेला, गाव म्हणालं. हृदय बंद पडलं, कंपनी म्हणाली, आणि वर दिपेशच्या बायकोला नोकरी दिली.

तीच कल्पिता आता साहेबांच्या शेजारी लॅपटॉपवर बसली होती.

बुधाजी उठला. काठीच्या टोकाने त्याने चादरीवरच्या रेघा मोजल्या. एक, दोन, तीन.

“तीन खाचा,” तो म्हणाला. “म्हंजे बारा बोटं पानी. इतक्यानं मानूस मरत न्हाय. मंग माजा दिपेश खरंच काळजानं गेला आसंल.”

त्याने अंगठा शाईवर दाबला.

आलेख कल्पितानेच केला होता. ‘आमच्या लोकांना रेघा कळतात, खुणेच्या काठीवर असतात तशा,’ असं महिन्यापूर्वी तीच बोलून गेली होती, अगदी भोळेपणाने. साहेब हसले होते. मग त्यांनी उभा अक्ष लॉगरिदमिक करायला लावला. मधल्या बारीक रेघा पुसायला लावल्या. आकडे फिकट करडे आणि मुंगीएवढे करायला लावले. नोकरी टिकवायची म्हणून तिने मुकाट्याने केलं होतं. नवऱ्याच्या मरणावर तिने स्वतःच्या हाताने पांघरूण घातलं होतं, आणि आता त्यावर त्याच्याच बापाचा अंगठा उमटणार होता.

“मामा, थांबा!” ती ओरडली. “अंगठा लावू नका!”

उजवं क्लिक. फॉरमॅट ॲक्सिस. लॉगरिदमिक स्केलपुढची खूण तिने काढून टाकली.

रेष उडालीच. पहिली तीन सालं चादरीच्या तळाशी लोळली आणि चौथं साल सरळ छताकडे गेलं.

“त्या रेघा सारख्या नव्हत्या, मामा. दर रेघेला दहापट. पहिल्या साली एक होतं. एक रेघ वर म्हणजे दहा. मग शंभर. आणि हे उघाडीपाशी उतरले तेव्हा हजार...”

पुढे तिला बोलू दिलं नाही. साहेबांनी लॅपटॉपचं झाकण तिच्या बोटांवर दाणकन आपटलं आणि त्यावर दोन्ही हात रोवून सगळ्या अंगाचा भार टाकला. काडकन आवाज आला, तो मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

“आमचंच मीठ खातेस ना गं!” साहेब किंचाळले.

सखुबाई, दिपेशची आई, दाराशी बसली होती. ती उठली. साहेबांच्या ड्रायव्हरला तिने बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली.

बुधाजीने शाईचा अंगठा सदऱ्याला पुसला.

“पयल्या सालची एक,” तो म्हणाला, आणि काठी साहेबांच्या खांद्यावर उतरली. हाड वाजलं. साहेब गुडघ्यांवर आले.

“आता एक रेघ वर.”

दहा. बुधाजी मारत होता आणि गाव मोजत होतं, बायकांसकट. चौथ्याला चष्मा फुटला. सहाव्याला मनगट लोंबलं. नवव्याला एक दात संमतीच्या कागदावर येऊन पडला. वाईट वाटायला हवं होतं. कोणालाच वाटलं नाही, खोटं कशाला बोला!

“मरेन मी, काका,” साहेब टेबलाच्या पायाला धरून रडत होते. “मरेन.”

“तीन रेघांनी कोन मरत न्हाय,” बुधाजी म्हणाला. “तुमीच बोललाव.”

त्याला धाप लागली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही त्याने पुसलं नाही. काठी त्याने दुसऱ्या हातात घेतली आणि सुनेकडे वळून विचारलं, “पोरी, फुडची रेघ कितीची?”

साहेबांनी एकच धड हात तिच्यापुढे केला. “कल्पिता, सांगू नका. प्लीज.”

कल्पिताने ओढणीत गुंडाळलेली बोटं बाहेर काढली. सुजून निळी पडली होती. असा निळा रंग तिने एकदाच पाहिला होता, गेल्या श्रावणात, बांधावर.

“शंभर,” ती म्हणाली.